धोंड्याच्या माळावरचं कॉलेज

कॉलेजला जमीन मी दिली आणि नाव लागलं बंगालच्या एका थोर पंडिताचं. माझ्या बापाचं लावा म्हणून भांडलो, तर विश्वस्त म्हणाले, "त्यांनी शिक्षणासाठी काय केलं?" बाप त्या माळावर शेरडं चारायचा.

महाडच्या एसटी स्टँडबाहेर एक रिक्षावाला रोज कानावर विडी खोचून, रिक्षाच्या टपावर थाप मारत ओरडतो, "चला, धोंड्याच्या माळावरचं कॉलेज!" धोंडू म्हणजे माझाच बाप. एकदा मी धावून गेलो. "धोंडूशेठ म्हण!"

"कोणाला कळायचं नाय, काका. बोर्डावरचं नाव ओरडलं तर गाडीच भरत नाय."

बापाचं नाव दिवसभर स्टँडवर गाजतं. विश्वस्तांना मात्र हे सांगणार नाही. त्यांना वाटेल, माझं भांडण मिटलं.