जाम चाकं आणि राणोजींची बोटं

अण्णा नगरच्या एका आतल्या गल्लीत राणोजींचं गॅरेज. गॅरेज कसलं, पत्र्याचं छप्पर, एक खड्डा आणि भिंतीला टांगलेले पाने! पण ब्रेकचं काम निघालं की नुंगंबाक्कमची बडी मंडळी चकचकीत शोरूम मागे टाकून इथे यायची. राणोजींच्या पूर्वजांनी मराठी मुलूख सोडून तंजावर गाठलं त्याला तीनशे वर्षं झाली असतील, पण त्या थोर घराण्याचं या माणसाला काडीचं कौतुक नाही. कौतुक सगळं स्वतःच्या दहा बोटांचं. फळीवर तेलाच्या सात-आठ बाटल्या, एकीवरही चिठ्ठी नाही. थेंब घ्यायचा, दोन बोटांत चोळायचा आणि सांगायचं, हे ब्रेकचं, हे स्टिअरिंगचं. कुणी चिठ्ठ्या लावा म्हटलं तर म्हणायचे, "हातास कळतें तें कागदावर कशास लिहूं?"

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने ती बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नसा गेल्यात, आगीपासून सांभाळा. राणोजींनी ही गोष्ट बायकोलाही कळू दिली नाही. काम गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण नाव जाणार होतं. हट्टी माणूस! तसाच रेटत राहिला.

त्या रविवारी दुपारी मधुवंती आली. साताऱ्याची मुलगी, सिरुसेरीला कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. आठ दिवसांपूर्वीच राणोजींनी तिच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलून ब्रेकचं तेल भरलं होतं.

"काका, गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी चालतेय," ती म्हणाली. "आणि जळका वास येतोय हो."

"नवे पॅड, थोडे घासतील कीं," असं म्हणत राणोजींनी सवयीप्रमाणे रिमच्या फटीतून ब्रेकच्या डिस्कला बोटं लावली.

"अहो काका, हात!" मधुवंती केवढ्यांदा ओरडली. त्यांनी हात मागे घेतला तेव्हा बोटांची कातडी पांढरी पडून सुटली होती. दुखलं मात्र काहीच नाही. राणोजींनी हात फडक्यात गुंडाळला आणि "कांहीं नाहीं मा," म्हणून जॅक ओढला.

पुढची बाजू उचलली. दोन्ही चाकं जाम, हाताने फिरेनात. पॅड आवळणाऱ्या कॅलिपरच्या पिना कोरड्या असतील म्हणून त्या काढून ग्रीस लावलं. चाक जामच. मग कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. म्हणजे पॅड बिचारे निर्दोष, दाब आत कोंडला होता. स्क्रू आवळून पेडल दाबलं, पुन्हा जाम. आता त्यांनी वरच्या मास्टर सिलिंडरचा पाइप सैल केला. चाक पुन्हा सुटलं. म्हणजे मधली रबरी नळीही निर्दोष. दोष वरती होता, तेल जिथून निघतं तिथेच.

त्यांनी ब्रेक तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. आतलं पातळ रबर फुगून वेडंवाकडं लोंबत होतं.

आठ दिवसांत रबर असं फुगत नाही. फुगतं ते एकाच कारणाने, आणि ते कारण राणोजींना पाठ होतं. फळीवरची बाटली त्यांनी उचलली, थेंब बोटांवर घेतला, चोळला. बोटांना पाणी आणि तेल यांतला फरकही कळेना. शेवटी त्यांनी पेल्यात पाणी घेतलं आणि त्यात चार थेंब सोडले. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं. हे वर तरंगत राहिलं.

"अय्यो," राणोजी म्हणाले. त्यांनी स्टिअरिंगचं तेल ब्रेकमध्ये ओतलं होतं. सगळी रबरं फुगणार, ब्रेक सुटणार नाही, तापत राहील, आणि तापता तापता एक वेळ अशी येईल की पेडल दाबलं तर ब्रेक न लागता ते नुसतं तळाला जाईल.

आणि त्याच बाटलीतून बालाजीरावांच्या गाडीत तेल गेलं होतं. बालाजीराव म्हणजे त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. ते, त्यांचा मुलगा प्राणेश आणि चार वर्षांची नात रेवा, सगळे गेले होते येरकाडच्या डोंगरावर. आज परत निघणार होते. घाट उतरून.

पहिले चार फोन लागलेच नाहीत. पाचवा लागला.

"काय रे राणोजी? घाटांत आहों, प्राणेश चालवतो."

"गाडी थांबव. आत्तां. ब्रेकांत चुकीचें तेल गेलें आहे माझ्या हातून."

बालाजीराव खदखदून हसले. "तुझ्या हातून? उन्हांत बसलास काय? चाळीस वर्षें तुझ्याच हातची गाडी चालवतों. थोडा वास येतो, तो क्लचचा असेल. खालीं उतरून बोलतों."

राणोजींच्या जिवाचं पाणी पाणी झालं. त्यांचं नावच आता त्या तिघांच्या मुळावर आलं होतं. मधुवंती समोर उभी होती, ऐकत होती. ऐको.

"बालाजी, ऐक! माझीं बोटें मेलीं आहेत. आज डिस्कवर हात भाजला, मला कळलें नाहीं. मी तेल ओळखूं शकत नाहीं. तुजला खोटें सांगत आलों. रेवाची शपथ, थांबव!"

पलीकडचं हसणं तुटलं. "प्राणेश, गाडी बाजूस घे," आणि लगेच प्राणेशचा आवाज, "अप्पा, पेडल खाली जातंय!"

"गियर उतरवायला सांग! दुसऱ्यांत, मग पहिल्यांत!" राणोजी ओरडत होते. "हँडब्रेक हळूहळू ओढ, झटका नको! डोंगराच्या अंगास घे!"

हॉर्न वाजत राहिला. मग पत्रा खरवडल्याचा लांबच लांब आवाज आला आणि रेवाने भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून राणोजींनी डोळे मिटले. पोर रडतेय, म्हणजे पोर आहे.

"थांबलों," बालाजीराव म्हणाले. "कधींपासून, राणोजी?"

"दोन वर्षें."

"दोन वर्षें," बालाजीराव म्हणाले आणि फोन बंद झाला.

मधुवंतीने पाण्याची बाटली पुढे केली. राणोजींनी ती घेतली नाही. "तुझी गाडी इथें ठेवूं नकोस पोरी. उचलून दुसरीकडे ने, रबरें सगळीं बदलायला सांग," ते म्हणाले. "आणि मला एक नंबर लावून दे. त्या तेलाच्या आणखी दोन गाड्या आहेत."

तिने नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून गाण्याचा आणि बऱ्याच माणसांच्या गडबडीचा आवाज आला. कोणीतरी हॅलो म्हणालं.

"गाडी उभी आहे कीं चालते आहे?" राणोजींनी विचारलं.