आभाळ आलं की भाऊजी गेले

साऱ्या जबलपुरात उन्हाचा मनापासून दुस्वास करणारा माणूस एकच निघाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. मे महिन्यात ऊन सगळ्यांनाच नकोसं होतं, पण ते अंगाला. आमच्या भाऊजींच्या डोळ्यांनाच ऊन सोसत नाही, आणि तेही ऐन जानेवारीत, जेव्हा दीक्षितपुऱ्यातली झाडून सारी माणसं गच्चीवर उन्हाला पाठ देऊन मटार सोलत बसलेली असतात. सकाळी उठायचं, दार उघडून वर पाहायचं, आणि निळंभोर आभाळ दिसलं की घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करून आत यायचं. "आजही ऊन," एवढंच म्हणायचं आणि चहाला हात लावायचा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी ताई घाबरली होती. आता ती त्यांच्या कपावर बशी झाकते आणि कामाला लागते. या साऱ्याचं कारण म्हणजे भाऊजी फोटो काढतात. नदीचे, डोंगराचे, झाडांचे. आणि तेही काळे-पांढरे. काळे-पांढरे ही आपली म्हणायची पद्धत झाली. पांढरं त्यात फोडणीतल्या हिंगाएवढं असतं, बाकी सगळा काळोख.

पोटापाण्यासाठी ते रिछाईतल्या एका लहानशा कारखान्यात सुपरवायझर आहेत. तिथले कामगार यंत्रापेक्षा आभाळावर जास्त लक्ष ठेवून असतात. पश्चिमेला जरा कुठे काळं दिसू लागलं की एक जण दुसऱ्याला म्हणतो, "चलो, साहब का हाफ-डे हो गया," आणि खरोखरच थोड्या वेळात बाहेर स्कूटर सुरू होते. पायाशी आडवा ट्रायपॉड, पाठीला कॅमेऱ्याची जुनी पिशवी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू माहेरी निघाले आहेत. वाटेत कोणी भेटलं तर ते आपल्याकडे पाहून बोलत नाहीत, आपल्या डोक्याच्या वर पाहून बोलतात. नवख्या माणसाला वाटतं, आपल्या टाळूवर काहीतरी येऊन बसलंय.

एकदा गल्लीतल्या एका आजोबांच्या दहाव्याला आम्ही ग्वारीघाटावर गेलो होतो. पिंड मांडलेले आणि कावळा काही शिवेना. आजोबांची कोणती इच्छा राहिली असेल म्हणून मुलं एकेक गोष्ट कबूल करत होती. नातवाची मुंज झाली, घराची डागडुजी झाली, शेवटी धाकट्याने तंबाखू सोडायचंही कबूल केलं. आणि भाऊजी मात्र तोंड उघडं टाकून नर्मदेच्या पलीकडे वर टक लावून उभे. एकाने पाहिलं, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सारा घाट माना वर करून उभा राहिला. थोरल्या मुलाने हात जोडून हळूच विचारलं, "दिसला का काका?" भाऊजी म्हणाले, "येऊन राहिला. अजून जरा काळा झाला पाहिजे." ते ढगाबद्दल बोलत होते हे एकट्या मला कळलं. पण कावळाही नेमका तेव्हाच आला आणि शिवला, त्यामुळे त्या घरात भाऊजींचा शब्द आजही खाली पडत नाही.

आता भेडाघाटचंच घ्या. कुठून कुठून माणसं आमच्याकडे पांढरा संगमरवर पाहायला येतात, पौर्णिमेला नावेत बसायला जागा मिळत नाही. भाऊजींना हे पटत नाही. पौर्णिमेला भेडाघाट पाहणं म्हणजे दागिने घातलेली बाई पाहणं, असं त्यांचं म्हणणं; तेव्हा काय, सगळंच चांगलं दिसतं. पुण्याहून माझी मावसबहीण आली, तर तिला ते भर आभाळाच्या दुपारी घेऊन गेले, आणि पुढे महिन्याभराने तिथल्या एका कड्याचा भलामोठा फोटो त्यांनी तिला पाठवला. तिचा मला फोन आला. फोटो छान आहे म्हणाली, पण आपण कोळशाच्या खाणीवर कधी गेलो होतो ते काही आठवेना. हे मी भाऊजींना सांगितलं, तर हा माणूस खूश. तिथे असताना तिने कडा पाहिलाच नव्हता म्हणे, नुसता मोबाइल वर करून धरला होता. आता निदान विचारून तरी राहिली की हे काय आहे.

भिंगापुढे ते एक लाल काच लावतात. तिच्यामुळे निळं आभाळ फोटोत काळं उतरतं. ही काच त्यांच्या खिशात कायम असते, आणि डोळ्याला लावून ते काहीही पाहतात. माझ्या भाचीच्या, म्हणजे त्यांच्याच मुलीच्या, लग्नाचं सोनं घ्यायला आम्ही सराफ्यात गेलो होतो. मुलाची आईही बरोबर होती. सोनाराने गादीवर मंगळसूत्रं पसरली, सगळ्या बायका पुढे वाकल्या, आणि भाऊजींनी खिशातली काच काढून डोळ्याला लावली. मग अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाले, "सोनं घ्या की पितळ घ्या, आपल्याला तर एकच दिसते." ताईने त्यांना बाहेर गल्लीत उभं केलं. अर्ध्या तासाने आम्ही आलो तेव्हा ते दोन घरांच्या मधल्या सावलीकडे पाहत उभे होते, आणि काय सावली आहे, काय सावली आहे, असं सोनाराच्या नोकराला समजावत होते.

मी हसतो खरा, पण एकदा त्यांनी मला त्यांच्या अंधारात नेलं, तेव्हापासून माझं हसणं अर्ध्यावर आलंय. घरातलं मागचं न्हाणीघर त्यांनी फोटो धुण्यासाठी घेतलंय. खिडकीला काळं कापड, एक मिणमिणता लाल दिवा, आणि फरशीवर औषधाच्या पाण्याचे तीन ट्रे. आजकाल फोनवर बोट फिरवलं की फोटो काळा-पांढरा होतो, असं मी म्हटलं. "होते ना," ते म्हणाले, "पण तो मी केलेला नसते." त्यांनी एक कोरा कागद पाण्यात सोडला आणि ट्रे हलकेच हलवत राहिले. काही वेळ काहीच नाही. मग कागदाच्या पोटातून एक करडी रेघ आली, ती रुंद झाली, तिच्या वर डोंगर आला, डोंगरावर आभाळ उतरलं, आणि मी लहानपणापासून जिच्यात पोहलो ती नर्मदा माझ्यासमोर अशी उगवली की जणू मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. कागदाला जितका उजेड द्यावा तितका तो काळा पडतो, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. एखादी जागा काळी करायची तर तेवढ्या जागेवर ते हाताच्या फटीतून उजेड पाडत राहतात. देवासमोर उभं राहिल्यासारखा मी उभा होतो, आणि बाहेरून ताई विचारत होती, बादली कुठे ठेवली?

ही भाची म्हणजे चिऊ, यांची एकुलती एक मुलगी. तिचं नागपूरला ठरलं. गुरुजींनी दोन मुहूर्त दिले, एक मार्गशीर्षातला आणि एक वैशाखातला. दुसऱ्या मुलींचे वडील ग्रह-नक्षत्रं विचारतात. भाऊजींनी दोन्ही महिन्यांचं आभाळ मनातल्या मनात पाहून घेतलं. मार्गशीर्षात नर्मदेवर धुकं असतं, तेव्हा आपलं लक्ष लागणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. "वैशाखात ठेवा. तेव्हा आभाळ एकदम बेकार असते, पांढरं फटक. पाहण्यासारखं काहीच नाही. मी पूर्ण वेळ हजर राहतो." गुरुजींनी पंचांग मिटलं. वऱ्हाड नागपूरच्या रस्त्याने येणार म्हणून तिलवाऱ्याला, नदीच्या काठावरचं एक लॉन घेतलं, आणि मुहूर्त धरला गोरज.

त्या दिवशी भाऊजींचं वागणं इतकं सरळ होतं की ताईला काळजी वाटू लागली. रेशमी कुर्ता, डोक्याला फेटा, आणि आल्यागेल्याच्या चक्क तोंडाकडे पाहून नमस्कार. दिवसभर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आभाळ पांढरं फटक होतं. दिवस कलायला आला आणि एकाएकी वारा पडला. नदीच्या पलीकडून एक काळं काहीतरी वर सरकू लागलं. ढग म्हणायला मन धजेना, इतकं ते मोठं होतं. वांग्यासारखं काळंजांभळं, आणि त्याच्या तळाशी एक उजेडाची चीर, जी सरळ पाण्यावर पडली होती. आचारी हातातला झारा तसाच धरून पाहत राहिला. मला आधी भीती वाटली, मग वाटलं की देवा, हे रोज असंच असतं आणि आपण कधी मान वर करत नाही की काय. आणि लगेच ताईचा हात माझ्या दंडावर आला. "त्यांच्यावर नजर ठेव," ती म्हणाली. मंगलाष्टकांनंतर कन्यादान होतं, आणि कन्यादानाला बाप पाहिजे. हा बाप आभाळ आलं की जातो, आणि गेला की कधी येईल ते आभाळालाच माहीत.

भाऊजी मला स्वयंपाकाच्या तंबूमागे सापडले. नदीकडे पाठ करून, लॉनच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी पाहून नाही राहिलो, असं त्यांनी न विचारताच सांगितलं. कॅमेरा कुठे आहे म्हटलं, तर स्कूटरीत आहे, असाच राहून गेला होता. मी त्यांना तिथेच सोडून नवरीला आणायला गेलो, कारण ते काम मामाचं. चिऊ गौरीहरापुढे बसली होती, हातात तांदूळ, पण डोळे खिडकीबाहेर.

"मामा, बाबांना जाऊ द्या," ती म्हणाली. "नाही तर वो पूरी शादी में आसमान ही देखते रहेंगे. त्यांना सांगा, ते आल्याशिवाय मी कन्यादान होऊ देत नाही."

मी निरोप सांगितला. भाऊजींनी एकदा मांडवाकडे पाहिलं, "पाच मिनिटं," म्हणाले, आणि फेट्यासकट स्कूटरवर बसून निघून गेले.

त्यांची पाच मिनिटं आम्हाला ठाऊक आहेत. ताई फाटकाकडे पाठ करून कन्यादानाची झारी भरू लागली. चुलत्याने कन्यादान केलं तरी चालतं, असं गुरुजींनी सुचवून पाहिलं. चिऊने नकारार्थी मान हलवली. अंतरपाट धरला गेला. मी तिच्या मागे उभा, नजर फाटकावर. शेवटी मी नरसिंहपूरच्या आत्यांना डोळ्याने खुणावलं. या भाऊजींच्या थोरल्या बहीण. प्रत्येक लग्नात त्या स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतात, आणि प्रत्येक लग्नात त्यांना आवरायला एक माणूस नेमलेला असतो. त्या दिवशी त्यांना कोणी आवरलं नाही. त्यांनी कुलदैवतापासून सुरुवात केली, मग दोन्ही घराण्यांचे पूर्वज घेतले, मग हयात नातेवाईक वयानुसार, आणि नवऱ्या मुलाचं इंजिनीअरिंगचं कॉलेजही शार्दूलविक्रीडितात बसवलं. लोकांच्या मुठीतल्या अक्षतांचा घामाने भात व्हायची वेळ आली. वाऱ्याने अंतरपाट वर उडाला तेव्हा नवरा-नवरीने एकमेकांना पाहून हसून घेतलं. गोरज मुहूर्त जरा ऐसपैस असतो, असं मी गुरुजींच्या कानात सांगत होतो, जसं काही मलाच जास्त कळतं. लॉनवरचे दिवे लागले, गुरुजींनी आत्यांना हात जोडले, सावधान झालं, हार पडले, आणि तेव्हा फाटकातून स्कूटर आत आली.

फेटा उडालेला, केसांत धूळ, कुर्ता स्कूटरच्या वंगणाने काळा. कोणाशी न बोलता भाऊजी हातपाय धुऊन पाटावर बसले आणि ओंजळ पुढे केली. चिऊचा हात त्यांच्या हातात आला, ताईने झारीने पाणी सोडलं. वर गडगडत होतं, वीज चमकत होती. भाऊजींनी शेवटपर्यंत मान वर केली नाही.

चिऊ गेल्यावर बरेच दिवस त्यांनी तो रोल धुतला नाही. ताईही त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. मग एका रविवारी मी गेलो असताना ते मागच्या न्हाणीघरातून ओला फोटो घेऊन आले आणि टेबलावर ठेवला. तिलवाऱ्याच्या जुन्या पुलावरून काढलेला. तीन हिस्से आभाळ, काळं, आणि काळ्याच्या आत आणखी काळं, आणि खाली पाण्यावर तेवढी उजेडाची चीर. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

"यासाठी पोरीचं लग्न सोडून गेले होते?" ताई म्हणाली. "काय आहे यात? सगळा अंधारच आहे."

भाऊजींनी फोटोच्या खालच्या कडेशी बोट नेलं. तिथे काठावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. दिवे लागलेलं आमचं लॉन. एरवी असा ठिपका फोटोत आला तर ते उजेड पाडून पाडून त्याला काळा करून टाकतात. हा त्यांनी तसाच ठेवला होता.

"जवळून पाहणं नाही झालं मला," ते म्हणाले. "म्हटलं, दुरून एकदा पूर्ण पाहून घेतो, मग जाऊन हात देतो तिचा."

ताई त्या ठिपक्यावर वाकली. मग पदराने हात कोरडे करून तिने फोटो कडेकडेने उचलला आणि वाळत घातला.

आता तो बैठकीत आहे, दारासमोर. आलेला माणूस बुचकळ्यात पडतो, वादळ होतं का म्हणून विचारतो. ताई सांगते, हे आमच्या चिऊचं लग्न, आणि पाहुण्याला तो ठिपका सापडेपर्यंत चहा टाकायला उठत नाही. भाऊजी त्या वेळी तिथे असले तर हळूच उठून खिडकीशी जातात, आणि आभाळात काही नसलं तरी पाहत उभे राहतात.