तो एकटा पडलाय असं मला वाटलं

मंडळी, तुमच्यात कोणी जनावरांचा डॉक्टर असेल तर लगेच इथे स्क्रॅप लिहून उत्तर द्या. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसलोय.

इथे आखातात, निझव्याजवळ, अर्बाबच्या म्हणजे मालकाच्या फार्मवर मी हरणं सांभाळतो. आठवडाभर मोठा नर नीट खात नव्हता. कुंपणाच्या कडेने सारख्या येरझाऱ्या घालायचा, मध्येच थांबून लांब बघत राहायचा. मान फुगली होती. शिंगं घासून घासून बाभळीची साल काढली होती. मला वाटलं, एकटा पडलाय बिचारा. दोन वर्षं घरी गेलो नाही ना, मला हल्ली सगळेच तसे वाटतात.

म्हणून आज दुपारी मीच फाटक उघडलं आणि सोबतीला धाकटा नर आत सोडला. बाटलीने दूध पाजून वाढवलेला, माझ्या मागेमागे फिरणारा.

पाण्याची बादली घेऊन येईपर्यंत मोठ्याने त्याला जाळीशी दाबून पोटात शिंग खुपसलं होतं. उंट सांभाळणारे सालेमचाचा ओरडत धावले, "मस्ती में है वो! अभी दूसरा नर नहीं डालने का! गर्दन नहीं देखा?"

फुगलेली मान बघितली होती हो, तो माजावर आलाय हे कळलं नाही. सगळंच बघितलं होतं.

डॉक्टर उद्या सकाळी येणार, इन्शाल्ला. धाकट्याच्या पोटाला फडकं घट्ट बांधलंय, तरी रक्त थांबत नाही. मी आत गेलो की बाटली आणली असेल म्हणून तो उठायला बघतो.

पोटाला जखम असताना त्याला दूध द्यायचं की नाही, एवढं तरी सांगा. तो मागतोय.