जेवढी चूक, तेवढीच बातमी

विनायकराव गेल्याचा फोन आला तो शुक्रवारी सकाळी. इकडे शारजात तो सुट्टीचा दिवस, खाली रस्त्यावर गाड्यांचा आवाज नव्हता, मी डोशाचं पीठ ढवळत होते. पुण्याहून त्यांची बायको सुमती बोलत होती. "अगं, काल संध्याकाळी गेले. चहा पितापिता मान टाकली. त्रास असा काहीच झाला नाही..." एवढं सांगून ती माझ्याच गुडघ्यांची चौकशी करू लागली. मीही वेड्यासारखी उत्तरं देत राहिले. फोन ठेवून आत गेले, सतीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, उठवून सांगितलं. तो उठून पलंगाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "माझ्याशी एवढं भांडलेला दुसरा माणूस नाही." त्या फोनला आता महिना होत आला. विनायक प्रधान हे नाव पुण्या-मुंबईच्या वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. म्हणूनच लिहायला बसले आहे.

शारजात आमचं दार आणि प्रधानांचं दार समोरासमोर होतं. विनायकराव दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकात क्रीडा विभागात होते. सतीशचं ऑफिसही दुबईतच, बर दुबई नावाच्या भागात, म्हणून दोघं एकाच गाडीतून जायचे आणि शारजा-दुबई रस्त्यावरच्या त्या न संपणाऱ्या रांगेत रोज कशावरून तरी भांडायचे. राजकारण, नाटक, उपमा कुणाकडचा चांगला, काहीही. माणूस प्रेमळ होता असं मी म्हणणार नाही. तिरकस होता. लोकांच्या लग्नपत्रिकांमधल्या चुका त्यांच्यासमोरच काढायचा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणाच्या मुलाने गाणं म्हटलं की, "आवाज चांगला आहे, गाणं पुढच्या वर्षी शिकव," असं त्या मुलाच्या आईला सांगायचा. सुमती मग सगळ्यांची समजूत काढत फिरायची.

नव्वदच्या दशकात शारजा म्हणजे क्रिकेट. भारतातून कुणीही आलं की आधी स्टेडियम बघायचं. विनायकरावांना मात्र फुटबॉलचं वेड. स्वतः पुण्यात कॉलेजकडून खेळलेले, गुडघा गेल्यावर खेळ सुटला आणि लिहिणं सुरू झालं. खासगी कॉलेजांची एक फुटबॉल स्पर्धा दर हिवाळ्यात व्हायची. तिथे धुळीच्या मैदानावर, बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत हे एकटेच बातमीदार. "क्रिकेटला लिहिणारे पुष्कळ आहेत," म्हणायचे. "या पोरांचं नाव छापून आलं तर त्यांचे बाप ते कात्रण कपाटात ठेवतात."

आमची केतकी तेव्हा शारजातल्याच एका लहानशा कॉलेजात शिकत होती. एक इमारत, एक कॅन्टीन, आणि कारकून, दुकानदार, मेकॅनिक यांची मुलं. भारतीय, पाकिस्तानी, सुदानी, पॅलेस्टिनी. त्या वर्षी या कॉलेजाने अंतिम सामन्यात दुबईतल्या एका बड्या कॉलेजाला हरवलं. त्या कॉलेजाला हिरवं मैदान, प्रशिक्षक, टीमची स्वतःची बस. सगळे चकित झाले. केतकी घसा बसेपर्यंत ओरडून घरी आली होती. जिंकून देणारा गोल केला होता इद्रिसने. सुदानी मुलगा, उंच, लाजाळू. त्याची बहीण केतकीच्या वर्गात होती.

काही दिवसांनी विनायकरावांना कळलं की इद्रिस आधीच्या सत्रात दोन विषयांत नापास झालेला होता. स्पर्धेचा नियम असा की नापास विद्यार्थ्याला खेळवायचं नाही. कॉलेजने ते लपवलं होतं. विनायकरावांनी चौकशी केली, खात्री केली आणि लहानशी बातमी दिली. नियम मोडला आहे, आयोजक चौकशी करणार आहेत, बस. केतकी त्यांच्यावर भयंकर चिडली. ते तिला म्हणाले, "तुझं कॉलेज आहे म्हणून मी गप्प बसू?"

पण ती बातमी तेवढी राहिली नाही. त्यांच्याच पेपरात दोन दिवसांनी मोठा लेख आला, आतल्या पानावर, दुसऱ्याच कुणाचा. छोट्या कॉलेजांमधलं वातावरण कसं बिघडलं आहे, तिथे कसलीही मुलं येतात, शिकायला येतच नाहीत, मुलं-मुली दिवसभर पायऱ्यांवर बसलेली असतात, पालकांना पत्ता नसतो. इद्रिसचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आणि प्रत्येक वेळी 'सुदानी खेळाडू' असा उल्लेख. लेखाच्या मधोमध कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलेल्या मुलामुलींचा फोटो. त्यात दोन मुलांच्या मध्ये हसत बसलेली आमची केतकी.

दुपारपर्यंत फोन सुरू झाले. मंडळातल्या एका बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का हो?" मी विचारलं, काय माहीत होतं का? तर म्हणाल्या, "नाही, आपलं... सहज." सतीश दोन दिवस जेवताना केतकीशी बोलला नाही. तिला वाढताना माझेही हात आखडत होते. आपल्या पोटच्या मुलीकडे आपण पेपरातल्या ओळींमधून बघतोय, हे कळत होतं आणि तरी थांबवता येत नव्हतं.

शुक्रवारी विनायकराव दार वाजवून आत आले. हातात तोच पेपर. केतकी बाहेर आली आणि इंग्रजीत तुटून पडली. "काका, दॅट वॉज ब्लड डोनेशन डे! वी वेअर वेटिंग फॉर द बस! यू कट द बॅनर आउट!" फोटोच्या वरच्या भागात रक्तदान शिबिराचा मोठा फलक होता, तो कापलेला होता. मुलांच्या दंडांवर कापूस चिकटवलेला होता, तो पेपरातल्या काळसर छपाईत दिसत नव्हता. विनायकरावांनी पेपर खिडकीजवळ नेऊन फोटो निरखून पाहिला. मग सतीशकडे वळून म्हणाले, "तुझी मुलगी रक्त देऊन बसली आहे आणि तू तिच्याशी अबोला धरून?" सतीश उठून केतकीला घेऊन आत गेला. बापलेक आत काय बोलले मला माहीत नाही, पण बाहेर आले तेव्हा दोघांचे डोळे लाल होते.

"इद्रिसच्या घरी जायचंय," विनायकराव केतकीला म्हणाले. "पत्ता माहीत आहे ना?" मुलीला एकटीला कशी पाठवणार, म्हणून मीही गेले. जुनी इमारत, तिसरा मजला, जिन्यात मसाल्याच्या चहाचा वास. इद्रिसचे वडील दुबईच्या जबल अली बंदरात, माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग कंपनीत कारकून होते. इतकी वर्षं भारतीयांबरोबर काम करून त्यांना मोडकंतोडकं हिंदी यायचं. इद्रिस आतल्या दारात उभा होता, पुढे येत नव्हता. विनायकराव बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "पहला न्यूज मैंने लिखा. वो सच था. बाद का मैंने नहीं लिखा. लेकिन पेपर मेरा है."

त्या गृहस्थांनी वळून इद्रिसकडे पाहिलं. मग म्हणाले, "लड़का फेल हुआ, मालूम. फिर भी खेला, गलत किया. मैं उसको बोला. लेकिन पेपर में मेरा नाम क्यों? मेरा मुल्क क्यों? दूसरा कॉलेज का लड़का लोग का मुल्क नहीं है?"

विनायकरावांनी मान खाली घातली. मग कळलं की गोष्ट अब्रूपुरतीच नव्हती. कॉलेज आता स्वतःचं नाव वाचवायला इद्रिसला काढून टाकणार होतं. सज्ञान मुलाचा व्हिसा वडिलांच्या नावावर राहतो तो शिकत असेपर्यंतच. कॉलेजने नाव काढलं की व्हिसा खलास, मुलाला एकट्याला अशा देशात परत जायचं, जिथे तो लहानपणानंतर राहिलाच नव्हता. इद्रिसची आई तोवर आतून चहा घेऊन आली. विनायकराव मग बसले, आणि चहा पूर्ण प्यायले.

परत येताना गाडीत म्हणाले, "चूक होती. पण तेवढीच होती." आणि मग, आपल्याशीच बोलल्यासारखे, "त्या बड्या कॉलेजाचा स्ट्रायकर वर्गात कधी गेलाय का, ते मी विचारलंच नाही. मला सुचलंच नाही. का सुचलं नाही?"

पुढच्या काही दिवसांत त्यांनी ते विचारलं. बड्या कॉलेजाचा तो खेळाडूही नापास होता, दोन नव्हे, सगळ्या विषयांत. प्रशिक्षकाने फोनवर नाकारलंदेखील नाही. उलट म्हणाला, "हबीबी, दोस्ता, हे सगळ्यांना माहीत आहे." विनायकरावांनी बातमी लिहून दिली. न्यूज एडिटरने वाचून बाजूला ठेवली. पुढच्या आठवड्यात शिक्षण पुरवणी होती आणि पहिल्या पानावर त्याच कॉलेजाची जाहिरात. "नंतर बघू या," असं उत्तर मिळालं. विनायकराव म्हणाले, हीही बातमी छापा, नाहीतर पहिलीबद्दल माफी छापा. त्यावर, "खेळाचं पान आहे विनायक, कोर्ट नाही." हे सगळं सतीशने मला सांगितलं. त्या दिवसांत गाडीत भांडणं होत नव्हती, विनायकराव खिडकीबाहेर बघत बसायचे. एक दिवस सतीशने स्पष्ट सांगितलं, "तुझाही व्हिसा पेपरच्याच हातात आहे. सुमतीचा विचार कर." ते म्हणाले, "तिला विचारलंय. ती म्हणाली, पुण्यात घर आहे आपलं."

चौकशीचा निर्णय सांगायला आयोजकांनी पत्रकारांना बोलावलं. इद्रिसच्या कॉलेजाचं विजेतेपद काढून बड्या कॉलेजाला द्यायचं, असं ठरल्यातच जमा होतं. विनायकराव उभे राहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ज्यांना कप देताय, त्यांचा नऊ नंबरचा स्ट्रायकर मागच्या सत्रात किती विषयांत पास झाला?" आयोजकांनी समोरचे कागद चाळायला सुरुवात केली. त्यांनी तोच प्रश्न शांतपणे पुन्हा विचारला. शेजारी एका अरबी दैनिकाचा तरुण बातमीदार बसला होता, त्याने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते त्याच्या पेपरात आलं, आणि विनायकरावांच्या पेपरात आलं नाही.

मग आयोजकांना दोघांना एकच माप लावावं लागलं. दोन्ही मुलांना पुढच्या मोसमात बंदी, आणि कप त्या वर्षी कुणालाच नाही. बड्या कॉलेजाने आपल्या मुलाला काढलं नाही, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष असताना इद्रिसलाही त्याच्या कॉलेजाला काढता येईना. त्याने राहिलेले विषय दिले, पुढे डिप्लोमा घेतला. सगळं चांगलं झालं असं मात्र नाही. केतकीच्या कॉलेजात पुढच्या वर्षी मुलींचे प्रवेश कमी झाले, आणि तो पायऱ्यांचा लेख लिहिणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलं नाही.

विनायकरावांना व्हिसा गमवावा लागला नाही, फुटबॉल गमवावा लागला. त्यांना समाजवार्तांच्या पानावर टाकलं. शाळांची स्नेहसंमेलनं, पाककृती स्पर्धा, मंडळांचे सण. सतीशला गाडीत म्हणाले, "यल्ला, चला, आता मी मोदकांवर अग्रलेख लिहिणार." वरून हसले, पण त्यांना ते लागलं होतं. पुढचे काही हिवाळे सामन्यांच्या वेळी ते घरात पडदे ओढून बसायचे, असं सुमती सांगायची.

मात्र त्या पानावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक गोष्ट केली. छायाचित्र विभागातून तो पायऱ्यांचा फोटो काढला, न कापलेला, आणि पानाच्या मध्यावर मोठा छापला. वर रक्तदानाचा फलक, दंडांवर कापूस, आणि खाली डावीकडून उजवीकडे प्रत्येक मुलाचं नाव. कुणाचाही देश नाही. एक ओळ: रक्तदानानंतर बसची वाट पाहणारे विद्यार्थी. त्याच बाईंचा फोन आला, या वेळी मोठ्या आवाजात, "केतकीचा फोटो किती छान आलाय हो!" मी म्हटलं, "हो, तोच आहे." त्यांना कळलं की नाही, देव जाणे.

त्यानंतर काही वर्षांनी प्रधान पुण्याला परत गेले. विमानतळावर पोहोचवायला आम्ही होतो, आणि इद्रिस होता, आता जबल अलीतल्या एका गोदामात सुपरवायझर. त्याने सामान उचलून ट्रॉलीवर ठेवलं. विनायकरावांनी विचारलं, "खेळतोस का?" तो म्हणाला, "फ्रायडे, ऑफिस टीम." "मग गोल कमी मार, पासेस दे," हा त्यांचा आशीर्वाद.

त्यांची एक सवय होती. सकाळी पेपर आला की ते मथळ्यावर आडवा हात ठेवायचे आणि आधी खालची बातमी वाचायचे. वाचून झाल्यावर स्वतःचा मथळा मोठ्याने सांगायचे, मग हात काढून छापलेला बघायचे. बहुतेक वेळा त्यांचा मथळा छापलेल्यापेक्षा लहान असायचा, बातमीएवढाच. आमच्याकडे चहाला आले तरी हेच, आणि आम्ही हसायचो.

मागच्या आठवड्यात केतकी तिच्या मुलाला घेऊन आली होती. सकाळी टेबलावर पेपर पडला होता. ती चहाचा कप घेऊन बसली, आणि माझ्या लक्षात आलं की तिने मथळ्यावर हात आडवा ठेवला आहे. हे ती कधीपासून करते, मला माहीत नव्हतं. शेवटची ओळ वाचून होईपर्यंत तिने तो हात उचलला नाही.