सुदाममामा आणि मोनाकोची भिंत

टीव्हीवर शर्यत सुरू झाली की बाकीचे लोक पहिला कोण आहे ते बघतात. सुदाममामा गायकवाड अँब्युलन्स कुठे उभी आहे ते बघायचे. ती एकदा दिसली की मांडी घालून निवांत बसायचे. दिसली नाही तर पहिल्या काही फेऱ्या त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. मग कधीतरी कॅमेरा तिकडे वळायचा आणि ते स्वतःशीच म्हणायचे, "हाय, हाय. त्या झाडाखाली हाय." त्यानंतर त्यांना चहा आठवायचा.

माझा बारामतीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो हल्ली नवरदेवाचे मित्रच मोबाइलवर काढतात, तेव्हा उरलंय ते पासपोर्टचं काम आणि अधूनमधून पोलिसांचं. अपघात झाला किंवा कुठे प्रेत सापडलं की पंचनाम्याच्या फोटोंसाठी मला बोलावणं येतं. सुदाममामा एका खासगी दवाखान्याची अँब्युलन्स चालवायचे. राहायला कन्हेरीत. आमची पहिली भेट इंदापूरच्या रस्त्यावर, उलटलेल्या टेम्पोशेजारी झाली. मी कॅमेरा लावला तोच मागून आवाज आला, "जखमीचं तोंड नका घिऊ फोटूत. त्याच्या घरची बघत्यात नंतर." मी तिरसट माणूस आहे, माझ्या कामात कुणी नाक खुपसलेलं मला खपत नाही. पण त्या आवाजात शिकवण्याचा सूर नव्हता. मी कॅमेरा खाली केला आणि त्यांच्याबरोबर स्ट्रेचर धरलं.

स्टुडिओच्या वर एक खोली आहे. तिथे रविवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच जण फॉर्म्युला वन बघतो. चाकं उघडी, माणूस एकटा, डोकं बाहेर, अशा त्या गाड्या. बैलगाडा शर्यतीच्या मुलखात हे असलं बघणारे आम्ही लोकांच्या लेखी अर्धवटच. आमच्यात सगळ्यात जाणकार दीपक सर. ते पॉलिटेक्निकला शिकवतात आणि वर्गात बोलायला न मिळालेलं सगळं आमच्यासमोर बोलतात. सुदाममामांना मी सहज म्हणून एकदा बोलावलं आणि ते येतच राहिले. ड्रायव्हरांची नावं त्यांच्या तोंडात कधी बसली नाहीत. त्यांच्या हिशेबी एक तांबडी होती, एक निळी होती, एक पपईच्या रंगाची. कोण जिंकलं हे दुसऱ्या दिवशी विचारलं तर सांगता यायचं नाही.

पण मतं होती, आणि ती ठाम होती. गाडीची चाकं उघडी का ठेवतात, मडगार्ड लावायला काय होतं, असं एकदा कुणीतरी विचारलं. दीपक सर हवेचं शास्त्र सांगायला लागले. मामा म्हणाले, "चाकं उघडी हायती म्हणून तर अंतर राखून चालवत्यात. चाकाला चाक लागलं तर दोघं बी जात्यात, ही दोघांना बी ठावं असतं." ड्रायव्हरच्या डोक्यावर संरक्षणाची कडी आली तेव्हा दीपक सर हळहळले होते, एवढी देखणी गाडी, तिला चपलेचा अंगठा लावून टाकला, म्हणाले. मामांनी फक्त एवढंच विचारलं की त्या कडीतून माणूस चटकन बाहेर येतो ना. येतो म्हटल्यावर त्यांच्यापुरता विषय संपला.

गाडी कुठे धडकली की आमची पोरं आरडाओरडा करत, पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा. मामा उठून पडद्याजवळ जात आणि विचारत, "हलला का?" आत बसलेल्याचा हात हलला, टीमशी बोलायच्या रेडिओवर त्याचा आवाज आला, की परत जागेवर. त्या रेडिओचं त्यांना फार अप्रूप होतं. "पयलं काय इचारत्यात बघा. गाडीचं न्हाय इचारत. तू बरा हायस का, ही इचारत्यात."

खरी जुंपायची ती मोनाकोवरून. मोनाको म्हणजे गावातल्या रस्त्यांवरची जुनी शर्यत. एका बाजूला घरं, एका बाजूला समुद्र, आणि दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर लोखंडी भिंत. दीपक सरांना ती बिलकूल आवडत नसे. गाड्या झाल्यात रुंद, गल्ली तेवढीच, कुणी कुणाला ओलांडत नाही, ही शर्यत नव्हे, वरात आहे, हे त्यांचं दरवर्षीचं पालुपद. त्यांना नवीन, ऐसपैस ट्रॅक आवडायचे. चुकलं तर गाडी बाहेरच्या मोकळ्या डांबरावर जाते, ड्रायव्हर वळतो आणि परत येतो. आम्हीही साधारण त्याच मताचे होतो. जुन्या शहरांतल्या शर्यतींचं कौतुक करणारे आमच्यात मामा एकटेच, आणि तेही सुरुवातीपासून नव्हे. एका हिवाळ्यानंतर ते अचानक भिंतीच्या बाजूने बोलायला लागले.

"वरात तर वरात," ते म्हणत. "वरातीत कुणी हरवत न्हाय."

भिंतीवर माणूस आपटतो, हे सरांनी त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं. मामांचं उत्तर ठरलेलं होतं, "आपटतो, पर घावतो."

घावतो म्हणजे सापडतो. बाकीचे हसायचे. त्या शब्दामागे काय आहे हे खोलीत फक्त मला माहीत होतं.

त्या हिवाळ्यात शेळगावच्या अलीकडच्या वळणावर मला फोटोंसाठी बोलावणं आलं. ऊसतोडीची टोळी एका फडात शिरली होती आणि तोडत तोडत आत गेल्यावर त्यांना मोटारसायकल दिसली. गाडीपासून बरंच अलीकडे, रस्त्याच्या बाजूला, माणूस होता. संतोष नावाचा, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जाणारा पोरगा. कधी कधी तो खोलीवर मित्राकडे राहायचा, म्हणून घरच्यांनी पहिले दोन दिवस शोधलंच नव्हतं. ऊस उंच होता. गाडी आत घुसली आणि मागे ऊस पुन्हा उभा राहिला. रस्त्यावरून बघणाऱ्याला तिथे काही झालंय हे कळायला मार्गच नव्हता. मी फोटो काढले. गाडीपासून त्या पोरापर्यंत उसाच्या वाळलेल्या पाल्याचं पाचट एका रेषेत सरकलेलं होतं. तो रस्त्याकडे सरपटत आला होता. त्याच्या हातांवर उसाच्या पानांचे काप होते. पोलिसांनी आणि गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी त्याच्या आईला सांगितलं की जागच्या जागी गेला. मला ते योग्यच वाटलं.

सुदाममामा तिथे आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बांधावर उभे राहून ते त्या सरकलेल्या पाचटाकडे बघत होते. मी हाक मारली तर ओळखही दाखवली नाही.

पुढच्या रविवारी शर्यत संपून बाकीचे गेल्यावर ते मागे थांबले. संतोषची गाडी उसात घुसली त्या संध्याकाळी त्यांना फोन आला होता. फोन करणारा म्हणाला की पुढे चाललेल्या मोटारसायकलचा दिवा वळणावर एकदम दिसेनासा झालाय, जाऊन बघा. तो स्वतः थांबला नव्हता. मामा निघाले. शेळगावच्या पुढपर्यंत गेले, माघारी आले. रस्त्यावर ना काच, ना गर्दी, ना घासल्याची खूण. परत फोन लावला तर बंद. असले खोटे फोन येतच असतात. त्यांनी दवाखान्यात तसं सांगितलं आणि घरी जाऊन जेवले.

हे सगळं त्यांनी सरळ आवाजात सांगितलं.

"सायरन चालू ठिवूनच फिरलो," ते म्हणाले. "वाट मिळावी म्हणून. त्यो आतनं वरडला असंल तर मला कसं ऐकू येनार? पर त्याला माझा सायरन ऐकू आला असंल. येताना बी, आन माघारी जाताना बी."

तुमची चूक नाही, असं म्हणायची पद्धत असते. ते म्हटलं तर आपण दोघंही खोटे ठरू असं वाटलं, म्हणून म्हटलं नाही.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर मोनाको बघितली तेव्हा मला ती निराळी दिसली. प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला माणूस होता आणि त्याचं काम फक्त बघत राहणं होतं. गाडी कुठे जाईल म्हटलं तर भिंतीपर्यंत, त्यापलीकडे नाही. दीपक सर वरात वरात करत होते. मामांनी त्यांना शेवटपर्यंत काही सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. कामावर मात्र ते बदलले. वळणावळणाला गाडी थांबवून सायरन बंद करायचे, उतरून कडेच्या पिकात चालत जायचे, हाका मारायचे. एवढा वेळ लावतो म्हणून दवाखान्याची बोलणीही त्यांनी खाल्ली.

पुढच्या वर्षी त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. पुण्याला दाखवून आले तेव्हाच सगळं आटोपल्यात जमा होतं. होळीनंतर एक दिवस ते स्टुडिओत आले. अंगावरचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. शेळगावला घेऊन चला, म्हणाले. मरायच्या आधी त्या आईला सांगायचं होतं: मी आलो होतो, तुमच्या पोराजवळून दोनदा गेलो, आणि मला तो सापडला नाही. तिने शिव्या दिल्या तर त्या घ्यायच्या होत्या. गाडीत वाटभर ते वाक्यं जुळवत होते. आधी नाव सांगू का, आधी हात जोडू का, असं मला विचारत होते.

संतोषची आई, पार्वतीमावशी, दिराच्या कुटुंबात राहायच्या. संतोष एकुलता एक. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं, चहा दिला. मी कोण, हे त्यांनी विचारलं नाही. मामांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले की मी अँब्युलन्सचा ड्रायव्हर, संतोषच्या वेळेला... आणि तिथेच अडले.

त्या एकदम पुढे सरकल्या. "मंग तुमाला ठावं असंल," त्या म्हणाल्या. "समदी म्हणत्यात, जागच्या जागी गेला. मला कुणाचं खरंच वाटत न्हाय. मला वाटतं माझ्या पोरानं हाका मारल्या असत्याल. तुमी सांगा."

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होतो.

"व्हय, जागच्या जागीच," मामा म्हणाले. "त्याला कायबी कळलं नसंल."

मावशींनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या. बराच वेळ रडल्या. मग उठून त्यांनी आम्हाला निघताना शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले.

परतताना मी चिडलो होतो. एवढं ठरवून आलात आणि हे काय केलंत, असं बोलून गेलो. मामा खिडकीबाहेर बघत होते. "सांगितलं असतं तर मी सुटलो असतो," ते म्हणाले. "ती कुठं सुटली असती?"

त्या उन्हाळ्यात मोनाकोच्या शर्यतीला आम्ही त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. दीपक सर त्यांच्या पायाशी बसले आणि त्या दिवशी एकदाही वरात म्हणाले नाहीत. मध्यावर एक गाडी भिंतीला घासत जाऊन थांबली. मामांना उठता येत नव्हतं. त्यांनी माझा दंड धरला. नारिंगी कपड्यांतली माणसं धावली, ड्रायव्हर बाहेर आला, हातमोजे काढून चालत निघाला. मामांची पकड ढिली झाली. मला खाली न्या, म्हणाले. शर्यत अजून अर्धी बाकी होती.

आषाढात ते गेले. कन्हेरीला त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या दिवसकार्याला, बरीच माणसं जमली होती. त्यांत मी कधीही न पाहिलेले अनेक जण होते. कुणी काठी टेकत, कुणी लंगडत आलेले. वंदना झाली, लोक जेवायला बसले. तेवढ्यात मंडपाच्या कडेने पार्वतीमावशी येताना दिसल्या. पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून आल्या होत्या. त्या थेट माझ्याकडे आल्या.

"चांगलं मानूस," त्या म्हणाल्या. "त्येंनी सांगितलं तवापासनं मला झोप लागती. बाकीच्यांनी समजूत काढली असंल, पर त्येंचं काय, त्येंनी बघितलेलं." मग त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला. "फोटू तुमीच काढलं व्हतं न्हवं? तुमी बी बघितलं असंल."

मी होय म्हणालो.

"जागच्या जागीच व्हता ना?"

पाचटातली ती रेषा माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाही, आजही नाही. "व्हय मावशी," मी म्हणालो, "गाडीशेजारीच व्हता."

त्यांनी मान हलवली आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसल्या. मी वाढायला गेलो.

त्यानंतर दर सणाला शेळगावहून त्यांचा निरोप यायचा आणि मी जाऊन यायचो. यंदा पोळ्याच्या सुमारास मावशी गेल्या. त्या होत्या तोवर मला हे लिहिता येत नव्हतं.