उणे पाच

मारुतराव शितोळे यांच्या कीबोर्डवर एक बटण आहे. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच जागी फिरतात, पण गाणं खालच्या पट्टीत वाजतं. छोट्या पडद्यावर आकडा दिसतो: उणे एक, उणे दोन. दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहणारे, सिग्नल खात्यातली नोकरी सांभाळून यात्रांमधल्या कार्यक्रमांना संगीत देणारे मारुतराव हे बटण रंभाबाई मांडवगणकरांसाठी वापरत. रंभाबाईंना ते कधी कळलं नाही.

रंभाबाई काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात, गायच्या. बाईचा आवाज इतक्या वर लागणं ही या भागातल्या कलाकारांत मिरवायची गोष्ट, आणि त्या मिरवत. नवी गायिका भेटली की पहिला प्रश्न, "कितीला गातीस?" उत्तर ऐकून म्हणत, "मंग अजून खालच्या मजल्यावरच हाईस की."

पन्नाशीनंतर वरचा सूर फाटू लागला. एका यात्रेत मारुतरावांनी कुणाला न विचारता पट्टी अर्धा सूर उतरवली. गाणं निभावलं. पुढे ती उतरतच गेली. कीबोर्ड खाली आला की ढोलकीही उतरवावी लागते, त्यामुळे ढोलकीवाल्या तात्याबाला हे ठाऊक होतं. पाना फिरवत तो पुटपुटायचा, "बाई माडीवर, आन् आपण तळघरात."

शेवटच्या कार्यक्रमात आकडा उणे पाच होता. स्टेजवरून उतरताना रंभाबाई म्हणाल्या, "बघितलं का मारुतराव? साठी आली, पण काळी पाच सोडली न्हाई."

"व्हय बाई," मारुतराव म्हणाले.

त्यानंतर दोनच महिन्यांत रंभाबाई हृदयविकाराने गेल्या. मारुतरावांनी त्यांच्या गाण्यांचा अल्बम करायला घेतला, फक्त वाद्यांचा. रंभाबाईंच्या जागी क्लॅरिओनेट. ही गाणी दुसऱ्या गळ्यातून त्यांना ऐकवत नव्हती. पट्टीचा प्रश्न तेव्हा आला. वाद्याला गळा नसतो. ते कुठल्याही पट्टीत वाजतं. रंभाबाईंची मुलगी अनुपमा रेकॉर्डिंगला बसली होती.

"मामा, काळी पाचच ठेवा," ती म्हणाली. "आई शेवटपर्यंत तिथंच गायली."

तात्याबाने हातातल्या पान्याकडे पाहिलं. मारुतरावांनी आकडा शून्यावर आणला. कव्हरवर अनुपमाने ओळ घातली: 'शेवटपर्यंत काळी पाच'.

वर्षश्राद्धाला मांडवगण फराट्यात अल्बम वाजला. बायका सोबत गुणगुणू लागल्या आणि वरच्या सुराशी हसत थांबल्या. "रंभाबाईचा गळाच येगळा," एकमेकींना म्हणाल्या.

अनुपमा थांबली नाही. आईच्या जागी आता तिला उभं राहायचं होतं. रोज अल्बम लावून ती क्लॅरिओनेटच्या बरोबरीने गाऊ लागली. शिक्रापुरातल्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला तिचा आवाज चिरकला, मग निघेचना. आधी शिट्ट्या आल्या, मग लोक उठले. शिरूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी होत्या. गाणं बंद ठेवा, नाहीतर आवाज कायमचा जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

महिन्याने मारुतराव तिला भेटायला गेले, तेव्हा अंगणातच अल्बम ऐकू आला आणि त्यावर घोगरा, ताणलेला आवाज.

"अनू, बंद कर ते."

"आई साठीत गायची मामा. मला तिशीत जमंना?"

"तुझी पट्टी काळी तीन हाय. चांगली हाय."

"म्हंजी मी खालच्या मजल्यावर."

मारुतरावांनी तिच्या मोबाइलवर रंभाबाईंच्या शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. कोपऱ्यातली रंभाबाईंची पेटी पुढे ओढली आणि काळी पाच दाबली. आवाजाशी सूर जुळला नाही. मग पांढरी चार दाबली. जुळला. तो अनुपमाच्या पट्टीपेक्षाही अर्ध्या सुराने खाली होता. अनुपमाला पेटी कळते. समजावून सांगावं लागलं नाही.

"मोबाइलमधी आवाज उतरतो का?"

"न्हाई."

"कवापासनं चाललं हुतं?"

"धाएक वर्सं."

"आईला म्हाईत हुतं?"

"न्हाई सांगितलं. गाणं सोडलं असतं तिनं."

अनुपमाने मोबाइल बंद केला. "तिला न्हाई सांगितलं, ते कळलं. मला कवा सांगणार हुता? शिक्रापूरच्या आधी का नंतर?"

 कव्हरवरची ती ओळ काढून टाकतो, एवढंच मारुतराव म्हणाले. अनुपमाने नको म्हटलं. "लोकांसाठी राहू द्या. मला कळलं तेवढं बास."

अल्बम अजून यूट्यूबवर आहे, त्या ओळीसकट. गाठी औषधांनी आणि सक्तीच्या मौनाने बसल्या. अनुपमा आता काळी तीनमध्ये गाते, आणि मारुतरावांसोबतच गाते, कारण ही गाणी बसवणारा दुसरा माणूस नाही. पण माईक हातात घेण्याआधी ती कीबोर्डच्या मागे येते आणि पडद्यावरचा आकडा पाहते. प्रत्येक गाण्याआधी.

"रिक्षाचा मीटर बघतीस व्हय गं?" तात्याबाने एकदा विचारलं. कुणी हसलं नाही.

हल्ली मारुतराव कीबोर्ड थोडा तिरका ठेवतात, तिला आकडा उभ्या जागेवरून दिसेल असा. तरीही ती मागे येऊन पाहते.