पट्टी उतरली म्हणून

महानंदा चौगुले बंगळुरात बसवनगुडीतल्या एका शाळेत हिंदी शिकवतात आणि कॉलेजात होत्या तेव्हापासून 'ग्रॅनाइट' ऐकतात. ग्रॅनाइट हा बंगळूरचा जुना रॉक बँड. चौघा मित्रांनी सुरू केलेला, त्यातले आता दोघेच उरलेत. निपाणीत असताना थोरल्या भावाने हुबळीहून त्यांची कॅसेट आणली आणि आठवड्याभरात तिला कंटाळला. ती महानंदाने उचलली. इंग्रजी शब्द अर्धेमुर्धे कळायचे. पण व्हिक्टर नावाचा गायक जेवढ्या बेमुर्वतपणे वरच्या पट्टीत चढायचा, तेवढ्या मोठ्याने आपल्या घरात कुठलीच बाई कधी बोललेली नाही, हे तिच्या चांगलंच लक्षात आलं. त्याच वर्षी बँड बेळगावला येऊन गेला. वडिलांनी जाऊ दिलं नाही.

लग्न झाल्यावर ती के. आर. पुरमजवळच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायला आली. विश्वासराव तिथे नोकरीला होते. मला ग्रॅनाइटच्या कार्यक्रमाला जायचंय, असं तिने पहिल्याच वर्षी त्यांना सांगितलं. त्यांचे कान नाट्यसंगीतावर पोसलेले. ते कानात कापसाचे बोळे घालून बरोबर गेले आणि पुढेही प्रत्येक वेळी तसेच गेले.

चार वर्षांपूर्वी महानंदाअक्कांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. बंगळुरात सगळे त्यांना अक्काच म्हणतात. गाठ साधी निघाली, पण आवाजाच्या नसेला धक्का बसला आणि आवाज घोगरा, बसका झाला तो झालाच. वर्गात मुलं त्यांची नक्कल करू लागली. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि फार मऊपणे सुचवलं, की आता ग्रंथालय सांभाळावं, दगदग कमी होईल. अक्कांनी ऐकून घेतलं, कन्नडमध्ये 'सरी', म्हणजे बरं, म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी कॉलरला माइक लावून, कमरेला छोटा स्पीकर अडकवून वर्गात गेल्या. मुलं आठवडाभर हसली. नंतर त्यांना त्या आवाजाची सवय झाली. अक्का आजही वर्गावर जातात.

यंदा ग्रॅनाइटने जाहीर केलं, की निरोपाचा एकच भव्य कार्यक्रम वगैरे आम्ही करणार नाही. त्याऐवजी लहान लहान गावांत, मिळेल त्या हॉलमध्ये वाजवत फिरणार. सुरुवात बंगळूरच्या वेशीवर, येलहंकाच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये, मग दावणगेरे, हुबळी आणि पुढे जमेल तसं. ड्रम्स वाजवायला नवीन पोरगी घेतलीय आणि व्हिक्टरला वरचे सूर लागत नाहीत म्हणून सगळी गाणी खालच्या पट्टीत आणलीत, हेही त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

चाहत्यांच्या ग्रुपवर भडका उडाला. लग्नाच्या हॉलमध्ये ग्रॅनाइट, ही कल्पनाच बऱ्याच जणांना सहन होईना. शार्दूल हा ग्रुपचा ॲडमिन, पुण्याहून आयटीत आलेला, मनापासून वेडा. बँडच्या जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग गोळा करण्यात त्याने कितीतरी सुट्ट्या घालवल्या होत्या. रविवारी सकाळी त्याने सगळ्यांना बसवनगुडीतल्या एका दर्शिनीत बोलावलं. उभ्यानेच इडली-कॉफी घेत वीसेक जण जमले. शार्दूलने प्रस्ताव मांडला: येलहंकाच्या कार्यक्रमावर आपण सगळ्यांनी बहिष्कार घालायचा आणि आता थांबा, असं जाहीर निवेदन काढायचं.

बहुतेकांनी माना डोलावल्या. कोणी म्हणालं, आपल्या डोक्यात त्यांचा जो आवाज आहे तो तसाच राहू दे. कोणी म्हणालं, हे म्हणजे स्वतःचीच शोभा करून घेणं.

अक्कांनी कप ठेवला. गलक्यात त्यांचा आवाज पोचेना, म्हणून सगळ्यांना जवळ सरकावं लागलं.

"माझी सही नाही," त्या म्हणाल्या. "मला वरचा आवाज लागत नाही, म्हणून मी वर्गात जाऊ नको काय?"

"अक्का, तुमचं वेगळं आहे," शार्दूल म्हणाला. "तुमच्या वर्गात कोणी तुमची जुनी रेकॉर्डिंग ऐकून येत नाही. आम्ही त्यांना देवासारखं मानलं, म्हणून त्रास होतोय."

"ते मला कळतंय. पण तुला त्यांचं तरुणपण पाहिजे, आणि ते त्यांच्याकडे नाही. जे आहे ते घेऊन ते गावोगाव निघालेत. तुला नको तर जाऊ नको की. पण दावणगेरेच्या पोरींनी त्यांना अजून एकदासुद्धा पाहिलेलं नाही. त्यांच्या वतीने 'थांबा' म्हणणारे आपण कोण?"

मतं घेतली तेव्हा अक्का एकट्या पडल्या. संध्याकाळी ग्रुपवर निवेदन आलं. त्याखाली अक्कांनी लिहिलं, हे सगळ्या चाहत्यांचं म्हणणं नाही, माझं नाव यात धरू नये. शार्दूलने ती ओळ काढून टाकायला सांगितलं, ती त्यांनी काढली नाही. मग त्यांनाच ग्रुपमधून काढलं.

येलहंकाला शनिवारी त्या आणि विश्वासराव बस बदलत गेले. हॉल जेमतेम अर्धा भरला होता. मंचामागच्या भिंतीवर कालच्या लग्नातल्या फुलांच्या माळा तशाच लटकत होत्या. व्हिक्टरसाठी स्टूल ठेवलं होतं, त्यावर तो बसला नाही. दोन गाणी बरी गेली. तिसऱ्या गाण्यात, सगळ्यांना पाठ असलेल्या त्या वरच्या ओळीवर, खाली आणलेल्या पट्टीतसुद्धा त्याचा आवाज फाटला. मागून कोणीतरी शिट्टी मारली, कोणी हसलं. व्हिक्टरने हात वर करून बँड थांबवला, घोटभर पाणी घेतलं आणि ती ओळ पुन्हा घ्यायला सांगितली. आवाज पुन्हा फाटला. या खेपेला तो थांबला नाही. फाटलेल्या आवाजातच त्याने गाणं शेवटापर्यंत नेलं.

अक्का उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. शेजारचे विश्वासराव उठले, कानातले बोळे काढले, खिशात टाकले आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

बाहेर पडताना फाटकाशी शार्दूल भेटला. तो मागच्या रांगेत बसला होता. त्याचे डोळे लाल होते आणि तो चिडलेला होता.

"वाईट झालं, अक्का. मी म्हणत होतो तसंच झालं."

"होय, वाईट झालं," अक्का म्हणाल्या. "दावणगेरेला येतोस?"

त्याने मान हलवली, नाही म्हणून. मग बसस्टॉपपर्यंत तो त्यांच्याबरोबर चालत आला. नव्या ड्रमवालीबद्दल मात्र तो चांगलं बोलला, स्वल्प घाई करते एवढंच.

निवेदनाला बँडने उत्तर दिलं नाही आणि दौराही थांबवला नाही. दावणगेरेचा हॉल भरला. तिथेही त्या ओळीवर आवाज फाटला आणि तिथल्या पोरांनी ती ओळ त्याच्यासाठी ओरडून म्हटली, बेसूर. ग्रुपवर त्याचा व्हिडिओ फिरला आणि भांडण नव्याने पेटलं, असं अक्कांच्या कानावर आलं. शार्दूलने त्यांना परत ग्रुपमध्ये घेण्याची तयारी दाखवली. अट एवढीच, की दौऱ्याच्या विषयावर त्यांनी तिथे लिहू नये.

अक्कांनी नको म्हणून कळवलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या विश्वासरावांना घेऊन हुबळीच्या गाडीत बसल्या.